दारासमोरची खुर्ची

१

रोज साडेतीनला मी अर्धा कप चहा ठेवतो. तो पिऊन होईपर्यंत पावणेचार होतात. मग हॉलमधली लाल प्लास्टिकची खुर्ची दारासमोर ओढतो आणि बसतो. चारला अबोलीची व्हॅन खाली थांबते. ती लिफ्टमध्ये शिरत नाही. चार मजले जिन्याने येते, पाण्याची बाटली कठड्यावर आपटत. बाटली तिसऱ्या मजल्यावर वाजली की मी कडी काढतो.

अबोली सात वर्षांची आहे. माझ्या मोठ्या भावाची मुलगी. यशवर्धन त्याचं नाव, मी यशदादा म्हणायचो. त्याला जाऊन सव्वा महिना झाला.

तो ह्याच खुर्चीवर गेला. दाराकडे तोंड, मांडीवर बारा बोरची दुनळी बंदूक, दोन्ही नळ्यांत काडतुसं, एकही उडवलेलं नाही. दाराला आतून कडी होती. बाहेर अबोली बेल वाजवत होती. वीस मिनिटं वाजवली तिने. शेवटी वॉचमन आणि खालच्या मजल्यावरच्या दोघांनी मिळून कडी तोडली. डॉक्टरने लिहून दिलं, हृदय बंद पडलं.

छत्तीस वर्षांचा माणूस. इंदूरला राजवाड्याजवळच्या एका सराफाकडे गार्ड होता, दहा-दहा तास उभा राहायचा. शेवटचे पंधरा दिवस मात्र मालकाला ताप आहे सांगून तो दुपारचा घरी बसत होता. हे मला नंतर कळलं.

मी आठवी नापास आहे. कृष्णपुऱ्यात एका गॅरेजवर गाड्या दुरुस्त करतो. पण भरलेली बंदूक घेऊन दाराकडे बघत बसलेला माणूस कोणाची तरी वाट बघत असतो, एवढं मलाही कळतं. कोणीतरी माझ्या भावाला घाबरवून मारलं. तो कोण, ते मला बघायचं होतं. म्हणून मी माझी खोली सोडली आणि इथे राहायला आलो. शिखावहिनी दहाला कामावर जाते, सहाला परत येते. दुपार माझी.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट दिसली. दारात बाहेर बघायची जी छोटी काच असते ना, ती आतून कणकेने बुजवलेली होती. पोळीची कणीक, वाळून दगड झालेली. तिच्यावर दादाच्या अंगठ्याचा ठसा होता.

२

पोलिसांनी त्या दिवशी बंदूक नेली नाही. वहिनी रडत होती, घर माणसांनी भरलं होतं. ठाण्यातले लिखापढीचे मुंशीजी म्हणाले, तेरावं होऊ द्या, मग आणून जमा करा. तेरावं झालं. मी नेली नाही. मग त्यांनी बोलावून घेतलं.

"भिया, बंदूक कुठे आहे?"

"घरी."

"लाइसेंस किसके नाम?"

"भावाच्या."

"भाई गया तो लाइसेंस भी गया. तुम्हारे पास वो अब एक मिनिट भी रहना जुर्म है. मी भला माणूस आहे म्हणून फोन केला, जीप नाही पाठवली." मुंशीजी अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायचे, कोणालाही भिया म्हणायचे, म्हणजे भाऊ. त्यांची सासुरवाडी मराठी होती.

मी म्हणालो, "माझ्या घरात मला स्वतःला वाचवायचा हक्क आहे की नाही?"

"आहे ना. कायद्यात लिहिलंय. जान पे बन आई तो मारो, कोण अडवतंय? पण लाठीने मारा, तव्याने मारा. बंदूक लाइसेंसवाल्याची. और सुनो, दरवाजा बंद करके उधर गोली चलाई, तर कोर्ट पहिलं काय विचारेल? पलीकडे कोण होतं? काय सांगशील?"

"चोर होता सांगेन."

"आणि दूधवाला निकला तो?"

बाजूचा शिपाई हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो रजिस्टर चाळायला लागला. माझ्यावर एक मारामारीची केस आहे, गॅरेजसमोरची. मुंशीजींना ती माहीत होती. माझ्या नावावर लायसन्स कधीच होणार नाही, हे त्यांनी सांगितलं नाही, पण चेहऱ्यावर होतं.

"शुक्रवारपर्यंत आण," ते म्हणाले.

"बघतो."

"बघतो नाही, आण. भावाच्या नावाला बट्टा लावू नको."

मी उठून आलो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाने काय करायचं मग? मागे अंगण नाही, पळायला गल्ली नाही. एक दार असतं. जे यायचं ते तिथूनच येणार. आणि त्या दारासमोर तवा घेऊन बसायचं?

३

एक गोष्ट सांगायला हवी. मी ती वहिनीलाही सांगितलेली नाही.

आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत घोडेस्वार होते. आता त्यातलं काही उरलेलं नाही, फक्त खंडेनवमी उरली आहे. त्या दिवशी घरातलं शस्त्र पूजायचं. दादाची दुनळी ह्याच खुर्चीवर आडवी ठेवायची, तोंड उंबऱ्याकडे, हळदकुंकू, झेंडूची माळ. दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत तिला हात लावायचा नाही. आणि ती रिकामी हवी. वडील तसंच करायचे, दादाही तसंच करायचा. नवमीच्या आदल्या रात्री तो दोन्ही नळ्यांतून कापड फिरवायचा.

ह्या वर्षी सकाळी दादा आंघोळीला गेला होता. मी कपाटातून दोन काडतुसं काढली आणि आत सारली. का? रिकाम्या बंदुकीची कसली पूजा, असं वाटलं म्हणून. एवढंच. मला काही वाटलं की मी करतो, मग विचार करतो.

दसऱ्याला संध्याकाळी दादाने माळ काढली, बंदूक उचलली आणि वजन हाताला लागताच थांबला. मधून मोडून आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"दोन दिवस अबोली ह्या दारातून आत-बाहेर करून राहिली होती," तो म्हणाला.

मी म्हणालो, "बंदुकीचा घोडा कुठे चढवला होता? फालतू टेन्शन घेतो यार."

त्याने मला थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मी खाली उतरलो, गाडी काढली आणि निघून गेलो. दिवाळीला आलो नाही. त्याने दोनदा फोन केला, मी उचलला नाही. तिसरा फोन वहिनीचा आला, तो दादा गेल्याचा.

४

गुरुवारी दुपारी पावणेचारला मी खुर्चीवर बसलो आणि बंदूक मोडली. जुनी आहे ती, खीळ दाबली की मधोमध वाकते आणि खटक् असा आवाज होतो. लोखंडाचा आवाज, दुसऱ्या कशाचा नाही.

खटक्.

दाराबाहेर पण झाला. खटक्.

मी थांबलो. जिन्यात आवाज घुमतो, सगळ्या बिल्डिंगांमध्ये घुमतो. मी बंदूक मिटवली. बाहेर मिटली. मी खोकलो. बाहेर कोणी खोकलं नाही. खुर्चीच्या हातावर थाप मारली. काही नाही. चमचा आणून फरशीवर टाकला. खणखणला, पण फक्त आत. पुन्हा बंदूक मोडली.

खटक्. आणि बाहेर, खटक्.

दार उघडायला किती लागतं? दोन पावलं. मी ती टाकली. कडी काढली, दार ओढलं. समोर सहा फुटांवर भिंत, भिंतीत खिडकी, खिडकीतून हिवाळ्याचं ऊन. डावीकडे जिना. कोणी नाही. खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली.

मी दार लावलं. एखादी रिकामी जागा असेल भिंतीत, पाइपची. लोखंडाचा आवाज तिच्यातून फिरून येत असेल, खोकल्याचा येत नसेल. असं असू शकतं. गॅरेजवर मी बघितलंय, पाना एका टोकाला वाजतो आणि गाडी दुसऱ्याच टोकाला कुरकुरते.

मी परत बसलो आणि पटापट दोनदा मोडली, दोनदा मिटवली. बाहेर दोनदा मोडली, दोनदा मिटली.

मग जरा थांबून, माझा हात गुडघ्यावर असताना, बाहेर तिसऱ्यांदा मोडली.

५

वहिनीने विषय काढला तो रविवारी, पोळ्या लाटताना. शुक्रवार उलटून गेला होता.

"भाऊजी, सेक्रेटरी भेटले होते लिफ्टमध्ये. जयेशजी. म्हणाले, बिल्डिंगमध्ये विनालायसन्स हत्यार आहे, मला लिहून द्यावं लागेल."

"देऊ दे लिहून. त्याच्या दाराशी कोणी येऊन बसत नाही."

तिचं लाटणं थांबलं. "तुमच्या दाराशी बसतं?"

मी ताट पुढे ओढलं.

"ते पण असंच म्हणायचे," ती म्हणाली. "एकदा मी अर्ध्या दिवसाने घरी आले. ताप होता, खरोखरचा, मला. हे खुर्चीवर बसून बंदूक मोडत होते, मिटवत होते. मी म्हटलं, काय करून राहिलात? म्हणाले, पहिलं तो करतो. मी नाही केलं तर तो थांबत नाही."

"तुला ऐकू आलं?"

"मला यांचाच आवाज ऐकू आला." तिने पोळी तव्यावर टाकली. "मग कणीक मागितली. लिंबाएवढी. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, तिकडून दिसतं."

"तिकडून आत काहीच दिसत नाही त्या काचेतून."

"मी पण तेच बोलले. तर म्हणाले, मला तिकडचं दिसतं म्हणतोय मी."

अबोली आतल्या खोलीत पाढे म्हणत होती. तेराचा पाढा, चुकवत. वहिनीने आवाज खाली घेतला.

"मला नवरा परत मिळणार नाही. तुम्हाला भाऊ मिळणार नाही. पण त्या दारातून माझी पोर येते, रोज, चार वाजता. बुधवारी संध्याकाळी ती बंदूक इथे दिसली तर मी मुंशीजींना स्वतः फोन करणार. तुमचं नाव सांगून करणार."

"कर."

"करणार आहे."

"कर ना. मी घाबरत नाही, ना पोलिसांना ना दुसऱ्या कोणाला. दादा मेला आणि तुम्ही सगळे म्हणता, कागद भरा, जमा करा. त्याला कोणी मारलं ते कोणी विचारायचं?"

तिने माझ्या ताटात पोळी वाढली. जरा जळली होती. "खा," ती म्हणाली. "ह्यांच्यासारखेच आहात. डोकं नाही, नुसतं जेवण गार करता."

६

सोमवारी आणि मंगळवारी बाहेरचा आवाज आधी आला.

हे लिहायला सोपं आहे. तिथे बसलं की कळतं. साडेतीनला, मी चहा गाळत असताना, दाराबाहेर खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. प्लास्टिकचे पाय फरशीवर. मग खटक्. मग काडतूस आत सरकल्याचा तो बारीक आवाज, एक, आणि दुसरा. मग मिटली. मी गाळणं ठेवलं आणि जाऊन तेच सगळं केलं. त्याच क्रमाने. करून झाल्यावर लक्षात आलं की मला कोणी सांगितलं नव्हतं. आता आवाज त्याचा होता आणि त्याच्यामागून घुमणारा मी होतो.

मंगळवारी मी पेचकस घेतला आणि दारातली कणीक खरवडून काढली. तिचे तुकडे झाले, ठशासकट. मी हळू करायला हवं होतं. ते तुकडे मी खिशात ठेवले.

मग डोळा लावला.

खिडकी दिसायला हवी होती, ऊन दिसायला हवं होतं. ऊन नव्हतं. अंधारलेलं होतं, घरात पडदे ओढल्यावर असतं तसं. आधी काही कळेना. मग डोळा सरावला आणि अगदी जवळ, काचेच्या उंचीवर, दोन गोल दिसले. शेजारी शेजारी, काळे, कडेला बारीक चमक. मी गाडीवाला माणूस आहे, मला पटकन सायलेन्सर आठवला. मग कळलं कसले गोल आहेत.

ते जरा हलत होते. कोणी श्वास घेत असल्यासारखे.

मी खाली बसलो. दाराला पाठ लावून नाही, बाजूला भिंतीशी. अबोली आली तेव्हा तिला तीनदा हाक मारायला लावली, मग दार उघडलं. ती म्हणाली, "काका, तू पण बाबांसारखं करतो." आणि बूट काढायला बसली.

७

बुधवार. वहिनीने दिलेला शेवटचा दिवस.

तिने जाताना विचारलं, "नेणार ना आज?" मी तिच्यामागे दार लावलं. मनात ठरवलं होतं. आज त्याला उडवायचं. दारातून, सरळ, दोन्ही नळ्या. मग मुंशीजी येऊ देत, जीप येऊ दे. कोर्टाने विचारलं पलीकडे कोण होतं, तर सांगेन, माझ्या भावाला मारणारा होता. पुढचं पुढे.

तीन वाजून दहा मिनिटांनी बाहेर खुर्ची ओढली गेली. मी चहा ठेवलाच नव्हता. बसलो. मोडली, भरली, मिटवली. त्याने मोडली, भरली, मिटवली. मी घोडे चढवले. एक, दोन. त्याने चढवले. दाराचं लाकूड दोन बोटं जाड असेल. छऱ्यांना ते कागदासारखं.

मी नेम धरला. छातीच्या उंचीवर, बसलेल्या माणसाच्या.

आणि खाली बाटली वाजली.

कठड्यावर, पहिल्या मजल्यावर. टण्. टण्. तीन वाजून पंधरा मिनिटं झाली होती. शाळा आज लवकर सोडली असेल, थंडी होती, काहीही असेल. ती तेराचा पाढा म्हणत वर येत होती. तेरा एके तेरा. ती वर येणार, डावीकडून, आणि दाराच्या आणि त्या खुर्चीच्या मध्ये उभी राहून बेल वाजवणार. माझ्या नळ्यांसमोर. त्याच्या नळ्यांसमोर.

तेव्हा मला दादा कळला. तो डरपोक नव्हता. त्या दिवशीही ती वर येत होती. त्याला बंदूक उडवता आली नाही. आणि खाली ठेवताही आली नाही, कारण त्याने ठेवली आणि पलीकडच्याने नाही ठेवली तर? तो दोन्ही हातांनी ती तशीच धरून बसला. बेल वाजत राहिली. तो बसून राहिला. किती वेळ बसला असेल?

तेरा दुणे सव्वीस. दुसरा मजला.

"मी ठेवतो," मी म्हणालो. "ऐकतो का? मी पहिलं ठेवतो. माझ्यात दम आहे. तुझ्यात आहे का बघू."

अंगठ्याने घोडे उतरवले, एकेक. बाहेर उतरले, एकेक. मी बंदूक मोडली. बाहेर खटक्. पहिलं काडतूस काढून फरशीवर टाकलं, ते घरंगळत सोफ्याखाली गेलं. बाहेर एक पडलं, घरंगळलं, जिन्याची एक पायरी उतरलं. मी दुसरं काढलं. टाकलं.

बाहेर काही नाही.

मी थांबलो. माझं काडतूस फिरून फिरून शांत झालं. बाहेर काही पडलं नाही. मग बंदूक मिटली. बाहेरची. माझी उघडीच होती, हातात लोंबत.

तेरा त्रिक एकोणचाळीस. तिसरा मजला, बाटली.

मी बंदूक खुर्चीवर टाकली आणि कडी काढली. विचार केला असता तर काढली नसती. दार पूर्ण उघडलं आणि उंबऱ्यात उभा राहिलो, दोन्ही हात चौकटीला लावून, जेवढा रुंद होता येईल तेवढा रुंद.

ऊन होतं. भिंतीपाशी, खिडकीखाली, लाल प्लास्टिक होतं. खाकी पँटचे गुडघे होते, एकमेकांना चिकटलेले. त्यांच्यावर दोन हात, आणि हातांत ती दुनळी. एका मनगटावर लाल धागा होता. असा धागा इंदूरमध्ये अर्ध्या लोकांच्या हाताला असतो. दादाच्या होता. माझ्याही आहे. त्याच्या वर मी बघितलं नाही.

मी एक पाऊल बाहेर टाकलं. मग दुसरं. नळ्या माझ्या पोटाशी आल्या असतील, गार लागलं.

"तेरा चोक बावन्न," अबोली माझ्या डावीकडे म्हणाली. "काका, बाहेर काय करतो?"

"काही नाही. माझ्या मागून जा. पाठीमागून, आत."

ती माझ्या पाठीला घासून गेली. दप्तर लागलं. आत तिने बूट काढल्याचा आवाज आला, एक, दोन. मी डोळे मिटले नव्हते, हे शपथेवर सांगतो. तरी नंतर समोर फक्त भिंत होती.

८

बंदूक मी त्याच संध्याकाळी जमा केली. मुंशीजी म्हणाले, "अक्ल आ गई?" मी म्हणालो, अक्कल नाही आली, गरज संपली. त्यांनी काडतुसं मोजली आणि लिहून घेतलं. मी त्यांना विचारलं, ठाण्यात ठेवलेली बंदूक कोणी वापरू शकतं का? ते म्हणाले, "भिया, कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे आहे. घर जाओ, सो जाओ."

घरी वहिनी दारात उभी होती. तिने माझे रिकामे हात बघितले आणि ताट वाढलं.

आवाज थांबलेला नाही. पावणेचारला बाहेर खुर्ची ओढली जाते. आता मोडल्याचा आवाज येत नाही, फक्त घोडा चढल्याचा येतो. एकच.

म्हणून आता मी दार बंद ठेवत नाही, खुर्चीही ओढत नाही. साडेतीनला उघडतो, सताड. जयेशजींनी नोटीस लावली आहे, फ्लॅटचे दरवाजे उघडे ठेवू नयेत, सुरक्षेच्या दृष्टीने. मला हातात आणूनही दिली. मी म्हणालो, जयेशजी, जे यायचंय ते चौथ्या मजल्यावर येऊन बसलंय, आता दार लावून काय करू? ते हसले, मला वेड लागलंय समजून. समजू देत.

मी उंबऱ्याबाहेर फरशीवर मांडी घालून बसतो. भिंतीकडे तोंड करून, दाराशी एक माणूस जाईल एवढी जागा मागे सोडून. हातात काही नसतं. कधी कधी बोलतो त्याच्याशी. थोबाडीतलं कसं लागलं होतं ते सांगतो. फोन का उचलला नाही तेही सांगतो. म्हणतो, तू दादा असलास तर आता खाली ठेव, मी आहे इथे. आणि दुसरा कोणी असलास तर चालव, एकच आहे तुझ्याकडे, आणि मध्ये मी आहे.

अंगावर ऊन पडतं आणि पोटाशी तेवढं गार लागतं.

चारला अबोली वर येते. माझ्या पाठीमागून आत जाते. मग मी उठतो, त्याच्याकडे पाठ न करता उलट्या पावलांनी उंबरा ओलांडतो, आणि दार लावतो. हळू. सगळ्यात शेवटी.